विंडोज फॉर्म्स शिकताना येणाऱ्या अडचणी: वजनकाट्याची पावती, गायब होणारा डेटा आणि प्रश्नचिन्हांची नावं

शिकाऊ_दारव्हा

राम राम मंडळी. बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव दारव्हा तालुक्यातलं. आमच्या काकांचा रस्त्यालगत वजनकाटा आहे. कापूस-सोयाबीनच्या हंगामात ट्रॅक्टर, मेटाडोर सगळे त्यावरून जातात आणि पावती अजून कार्बन लावून हातानं फाडतात. ती कॉम्प्युटरवर निघावी म्हणून व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटीमध्ये सी शार्पचा विंडोज फॉर्म्स प्रोग्राम करून रायलो. डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर लोकलडीबी, त्याची डेटा साठवणारी एमडीएफ फाइल प्रोजेक्टमध्येच जोडलेली.

अडकलो ते असं. पावती सेव्ह होते, ग्रिडमध्ये दिसते, पण प्रोग्राम बंद करून कोडमध्ये थोडा बदल करून पुन्हा चालवला की सगळ्या पावत्या साफ. एरर काहीच नाही. दुसरं, शेतकरी निवडायचा वेगळा फॉर्म आहे. तिथं नाव निवडलं की मुख्य फॉर्मच्या टेक्स्टबॉक्समध्ये यायला पाहिजे, येतच नाही. इथंही एरर नाही. तिसरं, गावाचं नाव मराठीत टाकलं की टेबलात ????? असं जातं. आणि काटा जोडला की वजन टेक्स्टबॉक्समध्ये टाकायच्या ओळीवर प्रोग्राम थांबते.

कॉलेजात सरांनी कन्सोल प्रोग्रामपर्यंत शिकवलं, फॉर्म मी व्हिडिओ पाहून शिकलो. हंगाम सुरू व्हायच्या आधी जमलं पाहिजे. कोणी सांगा ना भाऊ.

संगणकवर्ग_ताई

काट्यावर थांबतो तेव्हा जी खिडकी उघडते तिच्यातला मजकूर पूर्ण उतरवून टाक. एरर "येते" एवढं सांगून कोणालाच काही कळत नाही. माझ्या वर्गातली मुलं ती खिडकी दिसली की आधी बंद करतात आणि मग विचारतात. त्या दोन-तीन ओळींत बहुतेक उत्तर असतं. इंग्रजी आहे म्हणून घाबरायचं नाही, शब्द लावून वाचायचं.

आणि प्रोजेक्ट डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ चा आहे की डॉट नेट ८ चा, तेही सांग. सोल्युशन एक्सप्लोररमध्ये प्रोजेक्टवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये टार्गेट फ्रेमवर्क दिसेल.

शिकाऊ_दारव्हा

ताई, फ्रेमवर्क ४.८ आहे. खिडकीत असं आहे: "क्रॉस-थ्रेड ऑपरेशन नॉट व्हॅलिड: कंट्रोल टेक्स्टबॉक्सवजन ॲक्सेस्ड फ्रॉम अ थ्रेड अदर दॅन द थ्रेड इट वॉज क्रिएटेड ऑन."

पूर्णाकाठ

चांगलं लिहिलंय, म्हणून सविस्तर उत्तर देतो. कृषी केंद्रांची बिलं आणि जिनिंगवरच्या आवक नोंदी यासाठी मी अशीच कामं करत आलोय, त्यामुळे तुमच्या चारही अडचणी ओळखीच्या आहेत.

पहिल्या दोन एकत्र घ्या, कारण त्यांचं मूळ एकच आहे. तुम्ही ज्या वस्तूला हात लावताय ती आणि तुम्हाला दिसतेय ती, या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

पावत्यांचं पाहा. एमडीएफ फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये आहे. प्रोग्राम चालतो तो बिन फोल्डरमधल्या डीबगमधून, आणि बिल्ड करताना, म्हणजे कोडचा प्रोग्राम बनताना, फाइलची एक प्रत तिथं जाते. पावत्या त्या प्रतीत सेव्ह होतात. सोल्युशन एक्सप्लोररमध्ये एमडीएफवर क्लिक करा, खाली प्रॉपर्टीजमध्ये "कॉपी टू आउटपुट डिरेक्टरी" पाहा. तिथं "कॉपी ऑलवेज" असेल तर प्रत्येक बिल्डला मूळची रिकामी फाइल भरलेल्या फाइलच्या डोक्यावर येऊन बसते. सेव्हचा कोड बरोबरच आहे, म्हणून एरर येत नाही. खात्री करायची तर विंडोज एक्सप्लोररमध्ये दोन्ही ठिकाणच्या फाइलींची वेळ पाहा. सर्व्हर एक्सप्लोररमध्ये तुम्ही टेबल उघडून पाहत असाल तर तेही बहुतेक प्रोजेक्ट फोल्डरमधलं रिकामं टेबल आहे.

पुष्कळ जण "कॉपी इफ न्यूअर" करा म्हणून सांगतात. त्यानं चार दिवस बरं चालतं, पण सर्व्हर एक्सप्लोररमधून मूळ फाइलीत एखादा कॉलम वाढवला की ती "नवी" होते आणि पुन्हा तेच. माझं मत स्पष्ट आहे: "डू नॉट कॉपी" ठेवा आणि डेटाबेसची जागा प्रोजेक्टच्या बाहेर कायमची ठरवा. सी ड्राइव्हवर प्रोग्रामडेटामध्ये स्वतःचं फोल्डर करा, कनेक्शन स्ट्रिंगमध्ये तोच पत्ता द्या. त्या फोल्डरला साध्या यूझरची लिहायची परवानगी सेटअपच्या वेळीच देऊन ठेवा. प्रोग्राम फाइल्समध्ये डेटा ठेवू नका, तिथं साध्या यूझरला लिहिता येत नाही. तुमच्या लॅपटॉपवर चालेल आणि काकांच्या मशीनवर अडेल.

आता दुसऱ्या फॉर्मचं. तिथं तुम्ही बहुतेक असं लिहिलं असेल: फॉर्म१ एफ = न्यू फॉर्म१(); आणि मग एफ.टेक्स्टबॉक्सनाव.टेक्स्ट = निवडलेलं नाव. "न्यू" म्हटलं की नवा फॉर्म तयार झाला. नाव त्या नव्या फॉर्ममध्ये गेलंही, पण तो तुम्ही दाखवलेलाच नाही. स्क्रीनवरचा फॉर्म वेगळा, त्याला कोणी हातच लावला नाही.

करायचं असं. शेतकरी निवडायच्या फॉर्मला एक पब्लिक प्रॉपर्टी द्या, निवडलेलं नाव तिच्यात ठेवा आणि डायलॉगरिझल्ट ओके करा. मुख्य फॉर्मनं त्याला शोडायलॉगनं उघडायचं आणि ओके आलं की ती प्रॉपर्टी वाचून स्वतःच्या टेक्स्टबॉक्समध्ये स्वतः भरायची. छोट्या फॉर्मला मोठ्या फॉर्मची माहितीच असायला नको. उद्या तोच फॉर्म उधारीच्या खात्यासाठी वापरायचा झाला तर जसाच्या तसा चालेल.

काट्याचं रात्री लिहितो. ते नीट समजून घ्यायचं प्रकरण आहे, घाईत होत नाही.

मेळघाट_वारा

????? चं मी सांगतो, हे आम्ही आश्रमशाळेच्या हजेरी प्रोग्राममध्ये पाहिलंय.

टेबलात कॉलमचा प्रकार व्हारचार असेल, तो एनव्हारचार, म्हणजे देवनागरीसकट युनिकोड अक्षरं ठेवणारा, कर. एवढ्यानं भागत नाही. क्वेरीत मजकूर थेट अवतरणात लिहिला असेल तर त्या अवतरणाच्या आधी कॅपिटल एन लागतो, नाहीतर एसक्यूएल सर्व्हर वाटेतच त्याची प्रश्नचिन्हं करतो. पॅरामीटर वापरलास, म्हणजे क्वेरीत जागा ठेवून मजकूर वेगळा पाठवलास, तर तेही पाहावं लागत नाही, सी शार्पची स्ट्रिंग एनव्हारचार म्हणूनच जाते.

एक कटू गोष्ट: जे आधीच ????? म्हणून सेव्ह झालंय ते परत मिळत नाही. तिथं खरोखर प्रश्नचिन्हंच साठवली गेलीत. ती नावं पुन्हा टाकावी लागतील.

हे इतर दोन प्रकारांपासून वेगळं ओळखायला शिक. अक्षरांच्या जागी चौकोनी डबे दिसले तर डेटा ठीक आहे, फक्त त्या कंट्रोलच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. निर्मला यूआय किंवा मंगल लाव. आणि इंग्रजी अक्षरं-चिन्हांचा गिचमिडा दिसला तर तो मजकूर क्रुतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे, त्याला युनिकोडमध्ये बदलावं लागतं. तालुक्याच्या ठिकाणाहून येणाऱ्या जुन्या याद्यांमध्ये हे हमखास सापडतं.

पूर्णाकाठ

पॅरामीटरचा मुद्दा निघालाच आहे तर जोर देऊन सांगतो. क्वेरी जोडजोड करून कधीही लिहू नका. मुद्दाम नासधूस करणारा कोणी काट्यावर येणार नाही असं वाटेल, पण साध्या नोंदीनंही प्रोग्राम पडतो. कृषी केंद्राच्या बिलात ताडपत्रीचं माप लोक १५'×१८' असं लिहितात. फुटाची ती खूण म्हणजे एसक्यूएलमध्ये अवतरण संपल्याची खूण. बिल तिथंच अडतं, दुकानात गिऱ्हाईक उभं, आणि दुकानदाराला कळत नाही की इतर सगळी बिलं होतात मग ताडपत्रीचंच काहून होत नाही. पॅरामीटर दिला की हा प्रश्नच उरत नाही.

शिकाऊ_दारव्हा

पहिल्या दोन्ही अडचणी सुटल्या!! बिनमध्ये सगळ्या जुन्या पावत्यांची फाइल नव्हतीच, दर वेळी रिकामी येत होती. आता प्रोग्रामडेटामध्ये ठेवली. शोडायलॉगनं नावही येऊन रायलं. एनव्हारचार केलं, पॅरामीटर शिकून रायलो.

पण आता एक नवंच झालं. एक बटण नको होतं म्हणून त्याचं क्लिकचं फंक्शन कोडमधून खोडलं, तर फॉर्मचं डिझाइनच उघडत नाही. "फॉर्म१ डज नॉट कंटेन अ डेफिनिशन फॉर बटन३_क्लिक" म्हणते.

संगणकवर्ग_ताई

हे दर बॅचला होतं. डिझाइनमध्ये बटणावर डबल क्लिक केलंस तेव्हा दोन जागी लिहिलं गेलं: तुझ्या कोडमध्ये फंक्शन, आणि डिझायनर डॉट सीएस फाइलमध्ये त्या फंक्शनला बटणाच्या क्लिकशी जोडणारी ओळ. तू पहिलं खोडलंस, दुसरं तसंच आहे.

एरर लिस्टमध्ये त्या एररवर डबल क्लिक कर, बरोबर त्या ओळीवर जाशील. अधिक-बरोबर चिन्ह असलेली ती एकच ओळ खोड, सेव्ह कर, डिझाइन उघडेल. त्या फाइलमधलं बाकी काही हलवू नकोस, ती व्हिज्युअल स्टुडिओ स्वतः लिहितो.

याचं उलटं रूपही होतं. व्हिडिओतून फंक्शन जसंच्या तसं टाइप केलं, बिल्ड झालं, पण बटण दाबलं की काहीच घडत नाही. कारण जोडणारी ओळच नाही. बटण निवडून प्रॉपर्टीजमधल्या विजेच्या चिन्हावर जा, क्लिकच्या पुढे फंक्शनचं नाव आहे का पाहा.

बटण३, टेक्स्टबॉक्स७ अशी नावं आत्ताच बदल. नाव बदलायचं ते राइट क्लिक करून रीनेमनं, हातानं खोडून नाही. सी शार्पमध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीतही चालतात, पण दर शब्दाला कीबोर्ड बदलत बसावं लागतं. मी मुलांना रोमन अक्षरांत मराठी नावं द्यायला सांगते.

कपाशी_कोड

भाऊ, डेस्कटॉप सोडून सरळ वेबवर शिका ना. आता सगळं ब्राउझरमधेच होते. विंडोज फॉर्म्स २००२ चं हाये, किती दिवस चालन? नोकरीलेही वेबच इचारतात.

पूर्णाकाठ

नोकरीसाठी वेब शिकायलाच हवं, त्यात वाद नाही. पण इथं काम वेगळं आहे. काट्यावर नेट नाही किंवा असलं तर मोबाइलचं, तेही एका बाजूला उभं राहिलं तर. काटा सिरियल पोर्टनं जोडायचाय, डॉट मॅट्रिक्सवर पावती फाडायचीय, वीज गेली तर इन्व्हर्टरवर तेवढंच मशीन चालवायचंय. या कामाला डेस्कटॉप प्रोग्राम नेमका आहे.

आणि विंडोज फॉर्म्स बंद पडलेलं नाही. डिसेंबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्याचा सोर्स खुला केला, २०१९ मध्ये डॉट नेट कोअर ३.० मध्ये ते आलं आणि पुढच्या आवृत्त्यांमध्येही आहे. फक्त विंडोजवरच चालतं, ही त्याची मर्यादा लक्षात ठेवा.

आता काटा.

फॉर्मवरचं सगळं काम एकच थ्रेड, म्हणजे कामाची एकच रांग, करतो: बटणाचा क्लिक, अक्षर टाइप होणं, खिडकी पुन्हा रंगवणं. काट्यावर जशी एका वेळी एकच गाडी चढते आणि बाकीच्या मागं उभ्या असतात, तसं हे. एका फंक्शननं पाच सेकंद घेतले की मागचे सगळे क्लिक थांबून राहतात आणि वर "नॉट रिस्पाँडिंग" दिसतं. म्हणून फॉर्मच्या कोडमध्ये थ्रेड स्लीप लिहायचा नाही, थांबायचं असेल तर टायमर घ्यायचा किंवा असिंक-अवेट वापरून टास्क डिले.

सिरियल पोर्टचा डेटारिसीव्ह्ड इव्हेंट मात्र या थ्रेडवर येत नाही. तो वेगळ्या थ्रेडवर येतो, आणि त्या थ्रेडनं तुमच्या टेक्स्टबॉक्सला हात लावला म्हणून विंडोज फॉर्म्सनं अडवलं. तुम्ही उतरवलेल्या एररमध्ये हेच लिहिलंय. उपाय: त्या इव्हेंटमध्ये फक्त डेटा वाचायचा, आणि टेक्स्टबॉक्समध्ये टाकायचं काम बिगिनइन्व्होकनं फॉर्मच्या थ्रेडकडे सोपवायचं.

कपाशी_कोड

याच्यावर सोपं हाये ना. फॉर्मच्या सुरुवातीले चेकफॉरइलिगलक्रॉसथ्रेडकॉल्स फॉल्स करून टाका. एका ओळीत एरर बंद. मी तसंच केलं होतं, चालते.

पूर्णाकाठ

हे करू नका, कळकळीनं सांगतो. त्या ओळीनं फक्त तपासणी बंद होते, चूक तशीच राहते. त्यातही, ही तपासणी मुळात डीबगर जोडलेला असतानाच चालू असते. म्हणून व्हिज्युअल स्टुडिओतून चालवलं की एरर येते आणि बिनमधली ईएक्सई थेट उघडली की येत नाही. लोकांना वाटतं ईएक्सईमध्ये दुरुस्त झालं. मग हंगामात, गर्दीच्या वेळी, कधीतरी फॉर्म गोठतो किंवा आकडा अर्धवट रंगतो, आणि ते पुन्हा घडवून पाहता येत नाही. शेतकऱ्याचं वर्षाचं पीक त्या एका आकड्यात असतं. तिथं "चालते" एवढं पुरत नाही.

पुढची अडचण आत्ताच सांगून ठेवतो, कारण एरर गेली की लगेच हीच येणार आहे. काट्याचा इंडिकेटर (आकडा दाखवणारा डबा) वजन पाठवतो ते एका तुकड्यात येईल याची हमी नाही. ४१२५ किलो असेल तर एका इव्हेंटला ४१ आणि पुढच्याला २५ असंही येतं. जे आलं ते तसंच टेक्स्टबॉक्समध्ये टाकलं तर क्षणभर ४१ किलोचा ट्रॅक्टर दिसेल, आणि नेमकं तेव्हाच सेव्ह दाबलं तर तसाच नोंदला जाईल. म्हणून आलेला मजकूर एका स्ट्रिंगमध्ये साठवत जा आणि ओळ संपल्याचं चिन्ह आलं की मगच पूर्ण ओळ उचलून वजन काढा. बरेच इंडिकेटर ओळ संपवायला फक्त कॅरेज रिटर्न हे चिन्ह पाठवतात, आणि सिरियल पोर्टची रीडलाइन मूळ सेटिंगमध्ये लाइन फीड या दुसऱ्या चिन्हाची वाट पाहते. त्यामुळे ती अडकून बसते.

बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग), पॅरिटी, डेटा बिट्स ही पोर्टची सेटिंग इंडिकेटरच्या पुस्तिकेतूनच घ्या. अंदाजानं ९६०० ठेवलं आणि काट्याचं २४०० असलं तर कचरा अक्षरं येतील. कोड लिहायच्या आधी पुटीसारख्या प्रोग्रामनं पोर्ट उघडून काटा काय पाठवतो ते डोळ्यांनी पाहा. तिथं नीट दिसत नसेल तर कोडमध्ये शोधण्यात अर्थ नाही, केबल आणि सेटिंग पाहा. यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर दुसऱ्या खोबणीत लावला की कॉम३ चा कॉम५ होऊ शकतो, म्हणून पोर्टचं नाव कोडमध्ये पक्कं लिहू नका. गेटपोर्टनेम्सनं यादी काढून कॉम्बोबॉक्समध्ये द्या.

बिगिनइन्व्होक मुद्दाम म्हणालो, नुसतं इन्व्होक नाही. फॉर्म बंद करताना तुम्ही पोर्ट क्लोज करता, क्लोज डेटारिसीव्ह्ड संपायची वाट पाहतं, आणि इन्व्होक फॉर्मचा थ्रेड मोकळा व्हायची. दोघं एकमेकांची वाट पाहत राहतात आणि खिडकी बंदच होत नाही.

शेवटचं, वजनाचा टेक्स्टबॉक्स रीडओन्ली ठेवा. काट्याची पडताळणी करून वैधमापनशास्त्र विभाग शिक्का मारतो, ती काट्याची. मधे कोणाला आकडा हातानं बदलता येत असेल तर त्या शिक्क्याला काय अर्थ राहिला? इनेबल्ड फॉल्स मात्र करू नका, आकडा फिका पडतो आणि उन्हात बसलेल्या माणसाला दिसत नाही.

काटा_मापाडी

मी प्रोग्राम बनवत नाही, काटा चालवतो. वर्धा जिल्ह्यात. एक सांगतो म्हणून लिहितो. भरलेली गाडी आधी येते, खाली गाडी दोन तासांनी येते, कधी दुसऱ्या दिवशी. मधे दहा गाड्या होऊन जातात. आमच्याकडच्या एका प्रोग्रामात भरलं वजन घेतल्यावर खाली वजन येईपर्यंत दुसरी गाडीच घेता येत नव्हती. मग आम्ही कागदावर लिहून ठेवायचो आणि रात्री प्रोग्रामात टाकायचो. असा प्रोग्राम काय कामाचा? गाडी नंबरवरून अर्धवट पावती शोधता आली पाहिजे.

शिकाऊ_दारव्हा

मापाडी काका, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी भरलं आणि खाली दोन्ही एकाच सेव्हमध्ये धरलं होतं. आता खाली वजनाचा कॉलम रिकामा राहू शकेल असा करतो, आणि मुख्य फॉर्मवर खोळंबलेल्या गाड्यांची यादी लावतो.

पूर्णाकाठ भाऊ, पुटीत वजन दिसलं! पुस्तिका सापडली नाही, पण इंडिकेटरच्या मेनूतच बॉड रेट होता. बिगिनइन्व्होकनं एररही गेली.

एक विचित्र होऊन रायलं. भावाच्या टेक्स्टबॉक्समध्ये फक्त अंकच टाइप व्हावे म्हणून कीप्रेसमध्ये चार डॉट इजडिजिट (char.IsDigit, अक्षर अंक आहे का ते सांगणारं फंक्शन) तपासलं. काकांनी भाव टाकला, टेक्स्टबॉक्सनं घेतला, पण हिशोबाच्या ओळीवर "इनपुट स्ट्रिंग वॉज नॉट इन अ करेक्ट फॉरमॅट". माझ्याकडून तोच आकडा टाकला तर चालते.

मेळघाट_वारा

काकांचा कीबोर्ड मराठीत होता का ते पाहा. देवनागरी अंकांनाही इजडिजिट खरं म्हणतं, कारण युनिकोडच्या हिशोबानं ते अंकच आहेत. पण इंट डॉट पार्स किंवा डेसिमल डॉट पार्स फक्त इंग्रजी अंक ओळखतं. दाराशी आत सोडलं आणि आत गेल्यावर नाकारलं.

दोन मार्ग आहेत. कीप्रेसमध्ये इंग्रजी शून्य ते नऊ एवढंच मान्य करायचं, किंवा देवनागरी अंक आला तर तिथंच इंग्रजीत बदलून घ्यायचा. मी दुसरा घेईन. मराठीत आकडा टाकणाऱ्या माणसाला प्रोग्रामनं अडवायचं कशाला? चार डॉट गेटन्यूमेरिकव्हॅल्यू (char.GetNumericValue) त्या अंकाची किंमत देतं, त्यावरून बदलता येतं.

आणि पार्सच्या जागी ट्रायपार्स कर. चुकीचं आलं तर प्रोग्राम पडणार नाही, फॉल्स मिळेल. मग एररप्रोव्हायडरनं त्या टेक्स्टबॉक्सपुढे लाल खूण दाखव आणि मराठीत सांग काय चुकलं ते.

संगणकवर्ग_ताई

भाव आणि रक्कम डबलमध्ये ठेवलीस का? ठेवली असशील तर डेसिमल कर. डबलमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवून बरोबर ०.३ होत नाही. पैशाला डेसिमलच.

पूर्णांक करताना अजून एक ठेच आहे. धर, ४१ क्विंटल २५ किलो कापूस, भाव ७,०१० रुपये. रक्कम २,८९,१६२ रुपये ५० पैसे. मॅथ डॉट राउंडनं पूर्णांक केला तर २,८९,१६२ येतात, कारण बरोबर अर्धा आला की ते जवळच्या सम संख्येकडे जातं. हातानं हिशोब करणारा माणूस २,८९,१६३ म्हणणार. रुपयाचाच फरक, पण काट्यावर रुपयाचा फरक दिसला की लोक अख्ख्या प्रोग्रामवर विश्वास ठेवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. राउंडला मिडपॉइंटराउंडिंगचं अवेफ्रॉमझीरो दे. लाखाच्या जागी स्वल्पविराम आपल्या पद्धतीनं यावा म्हणून कल्चर मराठी-भारताचं दे.

कपाशी_कोड

पूर्णाकाठ भाऊ, मी ते फॉल्स काढून टाकलं आन बिगिनइन्व्होक लावलं. माह्या दुकानाच्या प्रोग्रामात बारकोड स्कॅनर सिरियलवर हाये, तो कधी कधी अडकत होता त्याचं कारण आता समजलं. धन्यवाद.

माह्या एक प्रश्न हाये. लाइट गेली आन परत आली की बिल नंबर एकदम हजारानं पुढं जाते. मधले नंबर कुठं गेले म्हणून सीए विचारते.

पूर्णाकाठ

बिल नंबर आयडेंटिटी कॉलमवर, म्हणजे सर्व्हर ज्यात आपोआप पुढचा आकडा टाकतो त्यावर, असणार. एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून इंट प्रकारच्या आयडेंटिटीचे हजार आकडे आधीच हातात घेऊन ठेवतो. सर्व्हर नीट बंद न होता वीज गेली की हातातले वापरायचे राहिलेले आकडे वाया जातात आणि पुढची खेप सुरू होते. डेटा गेलेला नाही, फक्त आकड्यात उडी आहे. आपल्याकडे भारनियमनाच्या दिवसांत हे नेहमीचं.

२०१७ च्या आवृत्तीपासून आयडेंटिटी कॅश बंद करायची सोय आहे. पण तेवढ्यावर विसंबू नका. सेव्ह मधेच रद्द झालं तरी आयडेंटिटीचा आकडा खर्च होतोच. ज्या नंबरचा हिशोब बाहेर कोणाला द्यायचा आहे तो आयडेंटिटीवर ठेवूच नये. आयडेंटिटी आतल्या कामासाठी राहू द्या, आणि बिल नंबरचं वेगळं छोटं टेबल करा. बिल सेव्ह करताना त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये तिथला आकडा एकानं वाढवून घ्या. बिल आणि नंबर दोन्ही लागतील किंवा दोन्ही रद्द होतील.

शिकाऊ, तुम्हालाही हेच करावं लागेल. काट्याच्या पावतीचे नंबर सलग लागतात.

शिकाऊ_दारव्हा

करतो भाऊ. अजून दोन लहान गोष्टी. काकांच्या जुन्या मॉनिटरवर फॉर्म उघडला की खालची बटणं दिसतच नाहीत. आणि पावती छापली तर प्रिंटर थांबतच नाही, कोरे कागद निघत राहतात.

संगणकवर्ग_ताई

फॉर्म तुझ्या लॅपटॉपच्या मापानं आखला आहे. बटणांचा अँकर खाली आणि उजवीकडे कर, ग्रिडचा चारही बाजूंना. म्हणजे फॉर्म लहान झाला की ग्रिड आक्रसेल आणि बटणं जागेवर दिसतील. काकांच्या मशीनवर डिस्प्ले स्केलिंग १२५ टक्के आहे का तेही बघ.

छपाईत प्रिंटपेज इव्हेंटच्या शेवटी हॅजमोअरपेजेस ट्रू राहिलं असेल. शेवटच्या पानावर ते फॉल्स झालंच पाहिजे. तुझी पावती एकाच पानाची आहे, तर ती ट्रूची ओळच काढून टाक. आणि कागद वाया घालवत तपासू नकोस, प्रिंटप्रीव्ह्यूडायलॉग लावून आधी स्क्रीनवर पाहा.

काटा_मापाडी

पावतीवर भरलं, खाली आणि निव्वळ तिन्ही वजनं आणि दोन्ही वेळा मोठ्या अक्षरात टाक बाप्पा. निव्वळ सर्वात मोठं. शेतकरी आधी तेच पाहते.

पूर्णाकाठ

आणि काकांकडे बसवायच्या आधी बॅकअप. प्रोग्राम चालू असताना एमडीएफ फाइल कॉपी करायला गेलात तर फाइल वापरात आहे म्हणून विंडोज नाही म्हणेल. बंद करून नुसती एमडीएफ उचलली आणि सोबतची लॉगची एलडीएफ विसरली तर तीही पंचाईत. मुख्य फॉर्मवर एक बटण द्या, त्यातून बॅकअप डेटाबेसची एसक्यूएल आज्ञा चालवा आणि तयार झालेली फाइल तारखेच्या नावानं पेनड्राइव्हवर टाका. रोज काटा बंद करताना ते बटण काकांनी दाबायचं. एकदा तरी तो बॅकअप तुमच्या लॅपटॉपवर रिस्टोर करून पावत्या उघडतात का ते पाहा, हंगाम लागायच्या आत.

शिकाऊ_दारव्हा

रिस्टोर आत्ताच करून पाहतो. अडलं तर इथंच एररचा पूर्ण मजकूर टाकतो.